रबराच्या चार पट्ट्या

दुपारच्या कवडशांतून नात वॉकरमध्ये तरंगत फिरत होती, जणू पाय जमिनीला लागतच नव्हते. मोबाइलवर बातमी वाचणाऱ्या सुनेनं दचकून लेकीला उचललं. “बाबा, कंपनीनं हा वॉकर परत मागवलाय. जिन्याच्या कडेला थांबत नाही म्हणे. कुणाला द्यायचा नाही, चाकं काढून फोटो पाठवायचा.” जन्मभर कारखान्यात फिटर असलेल्या आजोबांनी चाकं काढली. सून फोटो घेणार तोच त्यांनी खिशातून रबराच्या चार पट्ट्या काढून शेजारी ठेवल्या. “हे काय?” “ब्रेक. गाडीच्या तळाला होते. गाडी अडखळायची, पोरगी किरकिरायची. मीच काढले, वर चाकांना तेलही दिलं.” सून लेकीला मांडीवर घेऊन खाली बसली. मांडीवरून वाकून नातीनं एक चाक ढकललं. ते कवडशांतून अलगद, आवाज न करता दाराबाहेर गेलं. मग जिन्यावरून टक, टक, टक… बाराही पायऱ्या दोघांनी श्वास रोखून मोजल्या. नातीनं टाळ्या पिटल्या.