कललेली होडी

विकलेल्या चित्रातली एका बाजूला कललेली होडी उत्पलाला चार महिने छळत होती. नवं चित्र सुरूच होईना. शेवटी रंगांची पेटी घेऊन ती चित्र घेणाऱ्या निवृत्त नर्स कुंदाताईंकडे मिरजेला गेली.

"एवढी एक चूक दुरुस्त करू द्या," ती म्हणाली.

"तुमचंच चित्र आहे, करा की," म्हणत कुंदाताईंनी ते भिंतीवरून उतरवून दिलं.

तासाभरात होडी सरळ झाली. उत्पलाला हलकं वाटलं.

कुंदाताई बराच वेळ बघत राहिल्या. "छान झालं. आधीची मात्र मला माझ्यासारखी वाटायची. कललेली, तरी तरंगणारी." एवढं बोलून त्या चहा टाकायला आत गेल्या.

रंग अजून ओला होता. उत्पलाने घाईने पुन्हा ब्रश उचलला. पण होडी नेमकी किती कलली होती, तेच तिला आठवेना.