आवाजाच्या दहा पेट्या

कल्पना करा, मुलांनो. तुम्ही जिन्यात उभे आहात. हातात बाबांचा फोन आहे. समोरच्या माणसाला तुम्ही फोनचा पडदा दाखवता, मनात पाच मोजता, फोन पाठीमागे लपवता आणि विचारता, "सांगा, इथे काय विकायला ठेवलंय?"

अलेक्झांड्रियात, मोहर्रम बे भागातल्या एका इमारतीत, अकरा वर्षांची शहद हेच करत होती.

"अत्तर," रखवालदार इद्रीसकाका म्हणाले.

"लग्नं जुळवतात का?" औषधांच्या दुकानातल्या तहानीबाईंनी विचारलं.

इस्त्रीवाल्याने जरा जास्त विचार केला. "कुणी वारलंय का?"

शहद तळमजल्यावरच्या सुतारखान्यात परत आली. "बाबा, तिघांना विचारलं. पेटी कुणालाच दिसली नाही."

दिसणार कशी? बाबांच्या, म्हणजे शौकींच्या, वेबसाइटच्या पहिल्या पानावर एक गुलाब होता, एक मावळता सूर्य होता आणि 'हृदयाच्या दारावर आठवणींची हळुवार टकटक' अशी ओळ होती. खरी वस्तू साधी होती: अक्रोडाच्या लाकडाची, ओंजळीत मावणारी पेटी. झाकण उघडलं की आपल्या माणसाचा आवाज ऐकू येई. शौकी ती इतकी सुबक करत की सांधा कुठे आहे ते शोधावं लागे.

"ती टकटक मी चार दिवस खपून लिहिलीय," शौकी म्हणाले.

"सुतार माणूस, वर दाराची टकटक," आतल्या खोलीतून शहदची आई रतीबा म्हणाली. "लोकांना वाटत असेल, दारं विकताय."

रतीबाचा धीर संपत आला होता. तिने बजावलं होतं: मार्चमधल्या आईच्या दिवसापर्यंत दहा पेट्या खपल्या तर ठीक. नाहीतर सुतारखान्याला कुलूप, आणि शौकींनी तिच्या भावाच्या, ममदूहच्या, ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या दुकानात बसायचं. ताईचा शब्द मोडायची ममदूहची टाप नव्हती. आणि ॲल्युमिनियमचं नाव काढलं तरी शौकींचे दात शिवशिवत.

ममदूहमामा रोज संध्याकाळी दारातून डोकावे. "दाजी, किती झाल्या?"

"अजून एकही नाही."

मामा मान हलवत निघून जाई. शहदला त्याचा फार राग येई.

गुलाब गेला. सूर्यही गेला. शहदने पेटीचा मोठा फोटो लावला आणि वर लिहिलं, 'झाकण उघडताच आईला तुमचा आवाज ऐकू येईल.' आता इद्रीसकाकांनी तीन मोजायच्या आत ओळखलं. लोक 'मला हवी' हे बटणही दाबू लागले. पण दाबलं की तिथूनच पळून जात.

शहदने स्वतः बटण दाबून पाहिलं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'राहू द्या हो, तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे?'

"बाबा, किंमत कुठाय?"

"तीनदा आग्रह केला की दिसते. खाली 'नाही, घ्याच' असं बटण आहे. ते तीनदा दाबायचं."

"का पण?"

"अगं, गिऱ्हाईक दारात आलं की किंमत तोंडावर फेकायची? माझ्या वडिलांनी जन्मात फेकली नाही. आपण नको म्हणायचं, त्यांनी घ्या म्हणायचं. रीत आहे ती."

"एकाने लिहिलंय, 'आभारी आहे, मग दोन पाठवा.'"

आतून रतीबा हसली. "गेल्या उन्हाळ्यात ममदूह आजारी पडला, तेव्हा त्याच्या दुकानात हे तीन दिवस बसले होते. येईल त्याला सांगायचे, खिडकी लाकडाचीच घ्या. तरी कुणी घेतलीच, तर वर 'राहू द्या हो'. दोघांनी खरंच राहू दिलं."

"ते घरंदाज नव्हते," शौकी म्हणाले.

शेवटी बापलेकीची तडजोड झाली. किंमत मोठ्या अक्षरांत, पेटीच्या फोटोखाली. आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत: 'तुम्ही आग्रह केलात म्हणून सांगतोय.'

त्या संध्याकाळी मामाने फोन हातात घेऊन ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं. "आता कळतंय बुवा. लहान पोरालाही घेता येईल." मग त्याने कपाळ पुसलं. "चारच दिवस राहिले, नाही का, दाजी?"

"मोजतोस कशाला रे?" शौकी पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी पहिली मागणी आली. मग तीन आल्या. शेवटच्या दुपारी शहद ओरडतच सुतारखान्यात शिरली, दहावी आली होती. नावं दहा होती, पण विनंती सगळ्यांची एकच: पेटी घरी पाठवू नका, कुरियरच्या कचेरीत ठेवा, आम्ही घेऊन जाऊ.

"घरात गुपित राहायला हवं ना," शौकी कौतुकाने म्हणाले. "आता ही खरी घरंदाज माणसं."

गिऱ्हाइकांनी पाठवलेले आवाज त्यांनी एकेका पेटीत बसवले, पण ऐकला एकही नाही. दुसऱ्याच्या आईसाठीचं बोलणं आपण ऐकू नये, असं त्यांचं म्हणणं. झाकण किंचित उचलून, लाकडावर तळवा ठेवून ते फक्त थरथर तपासत.

सुतारखाना वाचला. रतीबाने परातभर बसबूसा, रव्याच्या पाकातल्या वड्या, केला आणि एक ताटली शहदच्या हातात दिली. "मामाला देऊन ये. हरलाय बिचारा, तोंड तरी गोड होऊ दे."

मामा दुकानात नव्हता, शेजारी चहा आणायला गेला होता. माशा बसू नयेत म्हणून ताटली आत ठेवावी, या विचाराने शहदने कपाट उघडलं. आत अक्रोडाच्या दहा पेट्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. तिने सगळ्यात वरची उघडली.

"एक... दोन... चालू झालं का हे?" पेटीतून ममदूहमामाचा आवाज आला. "आता काय बोलायचं? दाजी, अल्ला तुम्हाला तुमच्याच दुकानात सुखी ठेवो."

दारात मामा उभा होता. हातातला चहा बशीत सांडत होता. "पोरी," तो हळूच म्हणाला, "ताईला सांगू नकोस."

शहदने मनात पाच मोजले. झाकण लावलं. मग खिशातून फोन काढला, पहिलं पान उघडलं, पडदा मामासमोर धरला आणि म्हणाली, "जूनमध्ये बाबांचा दिवस असतो. किती लिहू?"