आजीची संमती

“बाळाचं जनुक जन्माआधीच दुरुस्त करता येईल,” डॉक्टर म्हणाले, “पण मग जगात या आजाराच्या रुग्ण म्हणून तुमच्या आजी एकट्याच उरतील. एका माणसासाठी कुणी औषध बनवत नाही. म्हणून त्यांची संमती लागते.”

गरोदर ईराने शेजारी बसलेल्या आजीकडे, शलाकाबाईंकडे पाहिलं.

शलाकाबाईंच्या शरीरात कॅल्शियम सांभाळणाऱ्या, गळ्यातल्या परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथीचं संप्रेरक भरपूर होतं, पण शरीर त्याला जुमानत नसे. गोळी चुकली की रक्तातलं कॅल्शियम उतरून बोटं आखडत. त्यांची आई अशाच झटक्यांत गेली होती.

“आजी, तुला नको असेल तर…”

“पुरे गं. डॉक्टर, अंगठा आत्ताच घ्या. पुढं बोटं सुटायची नाहीत.”

ईरा हसली, रडली, त्यांच्या पाया पडली. घरात गोळ्या किती उरल्यात, हे मात्र तिने विचारलं नाही.