ऊन कुणी खाल्लं?

“उन्हाची वीज म्हणं. ऊन काय आपल्या क्वार्टरवर पडत न्हाय व्हय?”

सावळाराम बायकोच्या कानाशी कुरकुरले. तुळसा मागंच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून पेले भरले.

सावळाराम वालचंदनगरच्या कंपनीत फिटर. लेकीसाठी, मेघनासाठी, वरकुट्याला मुलाचं घर बघायला आले होते. घर बघायला मुलीला न्यायची रीत नव्हती, पण मेघना हट्टानं टेम्पोत चढून बसली. अडचण एकच होती. तुळसाच्या मुलानं, समाधाननं, कंपनीतलं हंगामी काम सोडून वस्त्यावस्त्यांवर सौरदिवे बसवायचा धंदा धरला होता. छपरावर काचेची पाटी, खाली बॅटरी. दिवसा ऊन साठवायचं, रात्री जाळायचं. असल्या धंद्यावर पोरगी द्यायची कशी?

“दिवा बघितला की त्यांचं त्यांनाच उमगंल,” समाधानचे वडील धोंडीबा सकाळपासून म्हणत होते.

दिवस मावळला. रोजच्यासारखी लाईट गेली.

“कोळसा कमी पडतोय म्हणं वरती,” धोंडीबा खुशीत म्हणाले, जणू तो कोळसा त्यांनीच अडवून धरला होता. “सम्या, लाव आपला दिवा.”

समाधाननं बटण दाबलं. दिव्याच्या नळीची टोकं विडीसारखी लाल झाली आणि विझली. अंधारात पाहुण्यांच्या कुरडया खाण्याचा आवाज तेवढा राहिला. मग तोही थांबला.

धोंडीबांनी निमूट कंदील लावला. समाधान बॅटरी चाचपून शिडीनं छपरावर चढला. शेळगावला आठ दिवस दिवे बसवायला गेलेला तो आज दुपारीच परतला होता. खाली आला तेव्हा त्याच्या बोटांना पांढरा, कडक पापुद्रा चिकटलेला. त्यानं आईकडं पाहिलं. आठवडाभर ती पाहुण्यांसाठीच्या कुरडया त्या काचेवर वाळत घालत होती. जागा कशी लख्ख, तापलेली, कोंबड्यांच्या चोचीपासून लांब. अंगणात तरी अशी कुठं मिळायची?

समाधाननं बोटं विजारीला पुसली. “माझंच चुकलं,” तो म्हणाला. “जोडणी ढिली ऱ्हायली.”

सावळाराम उठले. हात जोडून म्हणाले, “जयभीम. विचार करून कळवतो.”

असलं कळवणं कधी कुणाला कळलेलं नाही.

“थांबा दादा,” तुळसा म्हणाली. “पोराच्या कामात खोट न्हाय. म्याच त्या काचंवर कुरडया वाळवल्या. दिव्याचं ऊन तुमच्या पोटात गेलंय.”

सावळाराम ताटलीतल्या अर्ध्या कुरडईकडं बघत राहिले. त्यांना हसू फुटलं, हसता हसता ठसका लागला, बायकोनं पाठ चोळली. धोंडीबाही हसले. मंडळी पुन्हा बसली. चहा झाला. उसाच्या पाण्यावर बोलणं झालं, एसटीच्या वेळांवर झालं, गव्हाचा चीक कसा काढावा यावरही झालं. ज्या कामाला आले होते त्याचं तेवढं कुणी नाव काढीना. समाधान बॅटरीकडं बघत होता आणि मेघना समाधानकडं.

तिनं कप खाली ठेवला.

“बाबा, कळवायचं-बिळवायचं काही नको,” ती म्हणाली. “मला मुलगा पसंत आहे.”