एका मापाचे मासे

“ह्यो बांगडा काय गो?” कमळामावशींनी ओलं बोट पदराला पुसलं आणि फोनवरच्या सुरमईच्या चित्रावर टेकवलं.

अमरीनने जीभ दातांखाली धरली. सांगायचं नव्हतं. चाचणीचा नियमच तो. आपण बनवलेलं अॅप दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि गप्प बसून बघायचं. ‘मावशी, तो नाही, खालचा’ असं म्हणायची सोय नाही. नऊ वर्षं प्रेसमध्ये लग्नपत्रिका आणि बॅनर करताना गिऱ्हाइकाशी तासन्‌तास वाद घालणाऱ्या अमरीनला ते गप्प बसणं किती जड गेलं, ते तिचं तिलाच ठाऊक.

कमळामावशी मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे विकायच्या. आज पाटीत काय आहे ते अॅपमध्ये टिपायचं, म्हणजे नेहमीच्या गिऱ्हाइकांना ते घरबसल्या कळेल, एवढंच काम होतं. मावशींनी सुरमई टिपली. अर्ध्या तासाने मांडवीचे एक मास्तर पिशवी घेऊन सुरमईसाठी धावत आले. पाटीत नुसते बांगडे. मास्तर तणतणत निघून गेले.

“वीस वर्षांचं गिऱ्हाईक माझं,” मावशी म्हणाल्या. “मला सांग, सुरमई बांगड्याएवढी कशी काढलीस तू?”

अमरीनने फोन हातात घेऊन पाहिलं आणि तिचे कान तापले. बावीस मासे तिने पंधरा दिवस खपून काढले होते. खवला-खवला रंगवला होता. आणि सगळे एका मापात बसवले होते! सवय बॅनरची. वाढदिवसाच्या बॅनरवर शुभेच्छुकांचे चेहरे एका मापाचे लागतात. एखादा जरा मोठा झाला की प्रेसमध्ये येऊन भांडणं. पण माशांना कुठे मानपान असतो? राजिवड्यासारख्या मोहल्ल्यात वाढलेल्या, बोलायच्या आधी बांगडा खायला शिकलेल्या पोरीने ही चूक करावी, याची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

पुण्याच्या कंपनीने तिला तीन महिने शिकाऊ म्हणून घेतलं होतं. “चित्रं नीट कर,” तिच्या वरिष्ठ राजश्री मॅडम फोनवर म्हणाल्या. “बुधवारी मी स्वतः व्हिडिओवर बघणार. मावशींना कुणाच्या मदतीशिवाय जमलं, तर तू कायम. नाहीतर आपण इथेच थांबू.” थांबू म्हणजे पुन्हा प्रेस, पुन्हा चेहरे.

अमरीनने चित्रं नीट केली नाहीत. ती चार सकाळी मावशींच्या शेजारी पालथ्या क्रेटवर बसून राहिली आणि फक्त बघत राहिली. मावशींचे हात कधी कोरडे नसतात, हे तिला पहिल्याच दिवशी दिसलं. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून क्रेटवर पडलेला. त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. फक्त कुणाचा कॉल आला की बोटाच्या सांध्याने पिशवीवरूनच बटण दाबायच्या आणि साऱ्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायच्या.

चौथ्या दिवशी घरी येऊन अमरीनने बावीसच्या बावीस मासे पुसून टाकले. सरंगा पुसताना तिला रडू आलं. फारच सुरेख जमला होता तो.

बुधवार उजाडला. मावशींच्या फोनमध्ये नवीन अॅप घालून अमरीनने तो परत पिशवीत गुंडाळून ठेवला. राजश्री मॅडम अमरीनच्या फोनवर व्हिडिओत होत्या.

“अमरीन, यात चित्रं कुठायत? स्क्रीनवर काहीच कसं नाही?”

“बघा ना, मॅडम,” अमरीन म्हणाली.

तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. मावशींनी सवयीने सांधा टेकवला.

“मावशी, आज काय काय आणलंत?” फोनमधून एका बाईचा आवाज आला.

“काय नाय ते विचार! सुरमई हाय, अगदी ताजी. बांगडे हायेत. मोरी हाय. सरंगे दोनच, लवकर ये!” मावशी ओरडल्या आणि पुन्हा कोयतीकडे वळल्या.

त्याच क्षणी अॅपने ती यादी, जशीच्या तशी, चाळीस घरांत पोचवली. अमरीनने आपल्या फोनवर ती तीनदा वाचली. एक नाव चुकलं नव्हतं. पाच मिनिटांत मावशींचा फोन परत वाजला. तोच आवाज म्हणाला, “मावशी, विमलाताईंना दोन्ही सरंगे हवेत.”

“ठेवते म्हणून सांग,” मावशींनी सरंगे बाजूला काढले.

राजश्री मॅडम खुर्चीतून उभ्या राहिल्या होत्या. व्हिडिओत आता त्यांचा नुसता ओढणीचा काठ दिसत होता, पण टाळ्या स्पष्ट ऐकू येत होत्या. अमरीनला नाचावंसं वाटलं. चाचणी संपेपर्यंत बोलायचं नाही म्हणून ती नुसतीच क्रेटवर बसून हसत राहिली.

मावशींनी हात धुतले, पदराला पुसले आणि अमरीनसमोर ऐसपैस बसल्या.

“चल गो बाय, आता गिऱ्हाईक नाय तवर दाखव तुझं ते नवीन अॅप. पण आधीच सांगते, मला काय ते जमायचं नाय.”