जोडणी तुटली तर

खुर्चीला बांधलेल्या गावीतच्या तोंडावर हिंगमिरेसाहेबांनी काठी हाणली. "याच्या भावाला मी कोठडीत संपवला, ते यानं पाहिलंय. उद्या कोर्टात जायच्या आत ते याच्या डोक्यातून पुसून टाक," ते मशीनवर बसलेल्या शर्वाणीवर खेकसले.

गावीतच्या कवटीत रुतवलेल्या तारेतून आठवणी मेलसारख्या मशीनच्या पडद्यावर उतरत होत्या. शर्वाणीने ती एक शोधून खोडली. साहेब खूश झाले. पण मशीन जुनं होतं. जोडणी रीतसर बंद केली तरच खोडलेलं पुसलं जाई. मध्येच तुटली, तर सगळं जागच्या जागी. शर्वाणीने तार उपटली. रक्ताची चिळकांडी उडाली.

"माझ्या भावाला यानंच मारलं!" गावीत किंचाळला.

साहेबांची काठी शर्वाणीच्या कपाळावर बसली. "आता ही तार तुझ्याच डोक्यात खुपसतो!"

"खुपसा," ती रक्त पुसत म्हणाली. "पण मशीन चालवणार कोण?"