फटफटीचं माहेर

"फटफटी इकून टाकली, माय," व्यंकटरावांनी दारातच चपला काढता काढता सांगितलं, आणि चुलीपुढं बसलेल्या सुमनची भाकरी परातीतच राहिली.

"बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "लढाईपायी पेट्रोल मिळंना झालंय. नुसतं लोखंड काहून सांभाळायचं?"

बरं कसलं डोंबलाचं! फटफटी गेली म्हणजे सुमनचं माहेरच गेलं की.

या घरात सुमन आणि फटफटी एकाच दिवशी आल्या होत्या. सासर शिरड शहापूर, म्हणजे निजामाचा मुलूख. माहेर वाशीमला, म्हणजे इंग्रजांचा. मधे कनेरगावचा नाका. वडिलांनी हौसेनं जावयाला फटफटी दिली खरी, पण नाक्यावरच्या कारकुनानं वऱ्हाडच अडवलं. परमुलखातलं वाहन! कायमचं आणायचं तर जकात अशी, की तेवढ्यात आणखी एक फटफटी आली असती. शेवटी बऱ्याच विनवण्यांनंतर तात्पुरता परवाना मिळाला, तीन महिन्यांचा. मुदत संपायच्या आत फटफटीनं नाक्यापलीकडं जायचं, दोन दिवस तिकडं राहायचं आणि नव्या शिक्क्यानं परत यायचं. म्हणजे फटफटीला वर्षातून चारदा माहेरपण! आणि सुमनला? सासरे उकंडरावांचा शब्द एकच होता: सून माहेरी जाईल ती दिवाळीला. सगळ्या शिरडात हसू झालं. सुमनला तेवढं हसू आलं नाही.

पहिली मुदत भरत आली, तेव्हा ती गोठ्यात तोंडाला पदर लावून रडताना व्यंकटरावांना दिसली. माणूस मवाळ, बापापुढं तोंड उघडायची छाती नाही, पण बायकोवर जीव. कागद उर्दूतला, आणि घरात उर्दू येणारे ते एकटेच. त्यांनी ओसरीवर बसून परवाना खणखणीत वाचून दाखवला.

"फटफटी एक. मागं बसणारी बाई एक. दोघींनी मुदतीत नाक्यावर हजर व्हावं."

"बाईचा परवाना काहून?" उकंडराव कडाडले.

"सरकारी हुकूम हाये," आतून सासूबाईच म्हणाल्या. "उगी तकलीफ नको. जाऊ द्या तिला."

तेव्हापासून पाच वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. सासूबाईंना सरकारची भारी धास्ती! परवाना त्यांनी आपल्या पेटीत लुगड्यांच्या तळाशी ठेवलेला. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून रोज एक चिंचोका मडक्यात टाकून त्या मुदत मोजायच्या, आणि चार दिवस आधीच घर डोक्यावर घ्यायच्या. "तारीख आली! कुणाला काळजी हाये का?" सुमनला मनातून त्यांची कीवच यायची. भोळी बाई, आणि आपण दोघं तिला फसवतो.

खरं तर सासूबाईंचं माहेरही नाक्यापलीकडचंच. पण त्यांच्या वेळी कसली फटफटी आणि कसलं काय! आई गेल्याचा निरोप आला, तेव्हासुद्धा त्या तेराव्यालाच पोचल्या होत्या. आता तिकडं त्यांचं कुणी उरलं नव्हतं. सुमन परत आली की त्या एवढंच विचारत, "माय बरी हाये ना तुझी?"

सुमनच्या आईचे डोळे गेले होते. फटफटीचा आवाज आला की म्हातारी भिंत चाचपत अंगणात यायची आणि लेकीच्या तोंडावरून हात फिरवायची. पुढची खेप चार दिवसांवर आली होती. आता कशाचा आवाज ऐकून ती बाहेर येणार होती? सुमननं भाकरी तव्यावर टाकली खरी, पण ती करपली.

चौथ्या दिवशी सकाळी दारात दमणी उभी. बैल जुंपलेले, आत गोधडी अंथरलेली. दोन दिवसांची वाट होती, म्हणून सासूबाई धपाट्यांचं गाठोडं बांधत बसल्या होत्या.

"आवर, तारीख हाये आज," त्या सुमनला म्हणाल्या.

"फटफटीच न्हाई, तर तारीख कशाची?" ओसरीवरून उकंडराव गरजले.

"कागदावर दोघी होत्या न्हवं? एक इकली. दुसरी घरात बसून राहिली, तिनं हजर व्हायला नको? उद्या शिपाई दारात आला म्हणजे तुमी जाणार व्हय समजावायला?"

उकंडरावांनी पानाचा डबा पुढं ओढला आणि ते सुपारी कातरत बसले.

सुमन पाया पडायला वाकली, आणि तिला राहवेना. सासऱ्यांना फसवलं त्याचं तिला काही वाटत नव्हतं, पण या बाईच्या पायाला हात लावून खोटं बोलणं तिच्यानं होईना.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "त्या कागदावर माझं नाव कधीच नव्हतं. माणसाला परवाना लागतच न्हाई."

सासूबाईंनी आधी गाठोड्याची गाठ आवळली. मग एकदा ओसरीकडं बघून आवाज खाली आणला.

"मला सांगून राहिली व्हय! मी बी त्याच नाक्यावरून नांदायला आले. माझ्या आंदणातल्या हंड्या-घागरींचासुदीक कागद केला त्यांनी, माझा न्हाई केला. माझ्या परतीची तारीख कुणी लिहिली न्हाई, म्हणून तुझी मोजत आले. चल, बस गाडीत."